इंटरनेट कनेक्शनचा भरवसा कसा तोलावा : फायबर, केबल, मोबाइल आणि उपग्रह

पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, सीएचे कार्यालय किंवा ऑनलाइन शिकवणी यांसाठी इंटरनेट घेताना बहुतेक जण पहिल्यांदा वेग विचारतात, आणि विकणाराही वेगच सांगतो. वास्तविक पतसंस्थेच्या काउंटरला किंवा लॅबचे अहवाल पाठवायला दहा-वीस एमबीपीएस पुरून उरतात. खोळंबा होतो तो मार्चअखेरीस भर दुपारी लाइन पडते आणि कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी उगवतो तेव्हा. म्हणून या लेखात वेग बाजूला ठेवला आहे. वेगवेगळ्या तंत्रज्ञानांची कनेक्शने किती भरवशाची आहेत हे आपल्या जागेपुरते कसे ताडून पाहावे, एवढाच विषय आहे. ‘आपल्या जागेपुरते’ हे मुद्दाम म्हटले, कारण फायबर चांगले की मोबाइल चांगला या प्रश्नाला सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही. तुमच्या दारापासून एक्स्चेंजपर्यंतचा (कंपनीच्या स्थानिक केंद्रापर्यंतचा) मार्ग कुठून जातो, त्यावर वीज कुठे कुठे लागते आणि तो तुटला तर कोण किती वेळात येतो, या तीन गोष्टींवर ते ठरते.

आधी काय मोजायचे ते ठरवा

कंपन्यांच्या कागदावर उपलब्धतेची टक्केवारी असते. तिचे तासांत रूपांतर केल्याशिवाय ती वाचू नये. तीस दिवसांच्या महिन्यात ९९ टक्के उपलब्धता म्हणजे ७ तास १२ मिनिटे बंद, ९९.५ टक्के म्हणजे ३ तास ३६ मिनिटे बंद आणि ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे बंद. हीच टक्केवारी वर्षावर धरली असेल तर ९९.५ टक्क्यांत जवळजवळ ४४ तास बसतात, आणि ते सलग दोन दिवसांत गेले तरी कंपनीने करार पाळला असेच ठरते. त्यामुळे टक्केवारी महिन्यावर आहे की वर्षावर, हे लेखी विचारून घ्यावे.

टक्केवारीच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात : लाइन किती वेळा पडते, आणि पडल्यावर किती वेळाने उठते. समजा एक लाइन महिन्यातून वीस वेळा दोन-दोन मिनिटे जाते; ती एकूण ४० मिनिटे बंद राहते, म्हणजे तिची उपलब्धता ९९.९ टक्के भरते. दुसरी लाइन दोन महिन्यांत एकदाच पडते, पण छत्तीस तास उठत नाही. तिची उपलब्धता ९७.५ टक्के. रुग्णाशी व्हिडिओवर बोलणाऱ्या डॉक्टरला पहिली लाइन डोकेदुखी आहे, तर पतसंस्थेला ती जेमतेम जाणवेल आणि दुसरी लाइन मात्र दोन दिवसांचे कामकाज बुडवील. आपले काम यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे कागदावर एका वाक्यात लिहून मगच पुढे जावे. माझ्या मते महाराष्ट्रातल्या लहान शहरांत आणि तालुक्यांच्या गावी दुरुस्तीचा वेळ हीच निर्णायक बाब असते. किती वेळा पडते याचा क्रमांक त्यानंतर लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे लाइन चालू असूनही निकामी असणे. पाकिटे गळणे (पाठवलेल्या माहितीचे तुकडे वाटेत हरवणे), प्रतिसादाचा वेळ वरखाली होणे हे प्रकार कंपनीच्या हिशेबात ‘बंद’ म्हणून येत नाहीत, पण फोनवरचा आवाज तुटतो तो त्यांच्यामुळेच.

प्रत्येक तंत्रज्ञान कुठे तुटते

घरगुती फायबर आज बहुतेक ठिकाणी जीपॉन या पद्धतीचे असते. एक्स्चेंजमधल्या यंत्रातून निघालेला एक तंतू वाटेत काचेच्या विभाजकातून ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटला जातो आणि हा सगळा मार्ग वीस किलोमीटरपर्यंत असू शकतो. या पद्धतीची खरी ताकद अशी की एक्स्चेंज आणि तुमच्याकडे बसवलेली फायबरची पेटी (मोडेम) यांच्या मधे वीज कुठेच लागत नाही. गावातली वीज गेली तरी तुमच्या पेटीला बॅटरी आहे आणि एक्स्चेंजला जनरेटर आहे एवढे पुरते. काच असल्यामुळे वळवाच्या विजांचा झटकाही तंतूवाटे आत येत नाही. उरतात ते धोके मुख्यतः शारीरिक आहेत : तंतू तुटणे, मुरडणे, जोडावर धूळ किंवा पाणी जाणे. दुरुस्तीला तंतू जोडण्याचे यंत्र आणि ते चालवणारा माणूस लागतो, आणि वेळ जातो तो त्याची वाट पाहण्यातच.

इथे केबल खांबावरून आली आहे की जमिनीखालून, हे पाहणे आवश्यक आहे. खांबावरची केबल वाऱ्याने, झाडाच्या फांदीने किंवा उंच ट्रकने अधिक वेळा तुटते, पण कुठे तुटली ते रस्त्यावरून दिसते आणि तासाभरात जोडता येते. जमिनीखालची केबल क्वचित तुटते. पण जेसीबीने तुटली की आधी जागा शोधायची, मग खणायचे, मग जोडायचे. खोदकामापूर्वी केबलच्या मालकांना कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले आहे. तुमच्या रस्त्यावर गटाराचे किंवा काँक्रिटीकरणाचे काम मंजूर झाले असेल, तर त्या वर्षापुरती जमिनीखालची केबल अधिक भरवशाची मानू नये.

फायबरची तब्येत ग्राहकाला स्वतः पाहता येते, आणि ही सोय दुसऱ्या कोणत्याही तारेच्या कनेक्शनमध्ये इतकी सरळ नाही. पेटीवरचा ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लागला असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. तंतू तुटला आहे किंवा मुरडला आहे. ‘पॉन’चा हिरवा दिवा नुसता लुकलुकत असेल तर प्रकाश येतो आहे, पण पेटीची एक्स्चेंजकडे नोंद होत नाही. दोन्ही दिवे ठीक असून इंटरनेट नसेल तर दोष सहसा पुढे आहे किंवा खात्याच्या लॉगिनमध्ये आहे, आणि तेव्हा लाइनमनची वाट पाहत बसण्यात अर्थ नसतो. याशिवाय पेटीच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची शक्ती डीबीएम या एककात दिसते. नेहमीच्या पेट्या उणे २७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचू शकतात. उणे १८ ते उणे २२ च्या आसपास आकडा असेल तर लाइन निरोगी समजावी, उणे २६ असेल तर ती काठावर आहे. हा आकडा महिन्यातून एकदा लिहून ठेवावा. तो दर महिन्याला एक-दोनने खाली सरकत असेल तर एखाद्या जोडात पाणी शिरते आहे असे धरून, लाइन पडण्याआधीच तक्रार नोंदवावी.

गावातल्या केबलवाल्याचे इंटरनेट हे बऱ्याचदा इमारतीपर्यंत फायबर आणि तिथून घरापर्यंत लॅनची वायर असे मिश्रण असते. या दोहोंच्या मधे गच्चीवर किंवा जिन्यात एक स्विच (एका तारेचे इंटरनेट अनेक घरांत वाटणारे यंत्र) बसवलेला असतो आणि त्याला इमारतीच्या सामायिक मीटरवरून नाहीतर एखाद्या शेजाऱ्याकडून वीज दिलेली असते. वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही इंटरनेट जाते, ते या स्विचमुळे. कनेक्शन घेण्यापूर्वी स्विच कुठे आहे, त्याला बॅटरी आहे का, आणि एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर तांब्याची वायर टाकली आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. तशी वायर असेल तर मे महिन्यातल्या पहिल्याच गडगडाटात स्विचचे पोर्ट जळण्याची शक्यता राहते. इतके असूनही केबलवाल्याला सरसकट नापास करू नये. तो त्याच पेठेत राहतो, फोन उचलतो आणि रात्री आठला शिडी घेऊन येतो. कागदावर दुबळे असलेले त्याचे जाळे दुरुस्तीच्या वेळामुळे मोठ्या कंपनीच्या फायबरला सहज मागे टाकू शकते.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे डीएसएल आता थोड्या ठिकाणी उरले आहे. एक्स्चेंजपासूनचे अंतर वाढले की ते ढासळते आणि पावसात जोड भिजले की तुटक होते. मोडेमवर गोंगाटाची मर्यादा (नॉइज मार्जिन, म्हणजे सिग्नलला गोंगाट सोसण्याची उरलेली सवड) सहा डेसिबलच्या खाली दिसत असेल तर ते बदलण्याचा विचार करावा.

मोबाइलच्या ४जी आणि ५जी जाळ्यात तुमच्यापर्यंत तार येत नाही, पण टॉवरपासून पुढे फायबर किंवा मायक्रोवेव्हचा दुवा असतोच. टॉवरला बॅटरी असते, काही ठिकाणी डिझेल जनरेटरही असतो. वीज लांबली की तिथला साठा संपतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा विजेचे खांब, तारा आणि फोनचे जाळे एकाच वेळी कोसळले आणि अनेक गावे कित्येक दिवस संपर्काबाहेर राहिली. एरवी मोबाइलचा दोष तुटण्याचा नसतो, गर्दीचा असतो. संध्याकाळी आठ ते अकरा, आठवडे बाजाराच्या दिवशी किंवा जत्रेत पट्ट्या पूर्ण दिसतात, पण काहीच उघडत नाही. म्हणून पट्ट्यांवर न जाता फोनमधला आरएसआरपी हा सिग्नलच्या ताकदीचा आकडा पाहावा : उणे ९० डीबीएमपेक्षा चांगला असेल तर समाधानकारक, उणे ११० च्या खाली असेल तर त्या जागी ते कनेक्शन कामाचे नाही. बाहेर अँटेना लावून ५जीवर चालणाऱ्या एअरफायबरसारख्या सेवा २०२३ पासून मिळू लागल्या. त्यांची अँटेना वर असल्याने सिग्नल बरा मिळतो, मात्र टॉवरवरची गर्दी आणि टॉवरची वीज या दोन्ही अडचणी त्यांनाही लागू आहेत.

उपग्रहाच्या सेवेत दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांची तुलना एकत्र करू नये. भूस्थिर (जमिनीवरून एकाच जागी दिसणारा) उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद जातो आणि कोणतीही कंपनी तो कमी करू शकत नाही. तरीही हे तंत्र देशभर पोहोचण्याच्या दृष्टीने इतके भरवशाचे ठरले की मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये व्यवहार सुरू करताना गावोगावचे दलाल व्हीसॅटने, म्हणजे छोट्या डिश अँटेनांनीच जोडले. खालच्या कक्षेतले, सुमारे ५५० किलोमीटरवरचे उपग्रह प्रतिसादात फायबरच्या जवळ येतात. दोन्हींना मुसळधार पावसाचा अडथळा होतो, कारण वापरातल्या उच्च लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. मात्र पावसाचा जोर ओसरला की जोडणी आपोआप परत येते, कोणाला शिडी लावावी लागत नाही. उपग्रहाचा खरा धोका केंद्रातला आहे. २४ जुलै २०२५ रोजी अंतर्गत सॉफ्टवेअरच्या बिघाडामुळे स्टारलिंक या खालच्या कक्षेतल्या उपग्रहांच्या कंपनीची सेवा जगभर सुमारे अडीच तास बंद पडली होती.

लीज्ड लाइन, म्हणजे फक्त तुमच्यासाठी भाड्याने घेतलेली लाइन, हे वेगळे तंत्रज्ञान नव्हे. बहुधा त्याच खड्ड्यातला तसलाच तंतू असतो. जादा पैशांत तुम्ही विकत घेता ते वाटून न घेतलेली क्षमता, दुरुस्तीची लेखी मुदत आणि ती चुकली तर भाड्यातली सूट. करारात ‘तिसऱ्या पक्षाने केबल तोडल्यास’ मुदत लागू नाही असे कलम असेल तर जादा पैशांचा मोठा भाग वायाच जातो, कारण केबल नेमकी तिसरा पक्षच तोडतो.

महिनाभर स्वतः नोंद ठेवा

कंपनीची टक्केवारी ही तिच्या संपूर्ण जाळ्याची सरासरी असते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जिल्हा पातळीवर चार तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिली तर ते कंपनीला प्राधिकरणाला कळवावे लागते. तुमच्या गल्लीपुरता झालेला बिघाड या हिशेबात कुठेच येत नाही. म्हणून आपली वही आपणच ठेवावी.

त्यासाठी एक जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक पुरतो. तो यूपीएसवर ठेवावा आणि राउटरला वायफायने न जोडता लॅनच्या वायरनेच जोडावा, नाहीतर वायफायचे दोष लाइनच्या माथी बसतात. त्यावरून दर तीस सेकंदांनी तीन टप्प्यांना पिंग करून (छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहून) निकाल वेळेसह फाइलमध्ये लिहून घ्यावा : पहिला टप्पा आपला राउटर, दुसरा कंपनीचे पहिले गेटवे (तिच्या जाळ्याचे प्रवेशद्वार), जे ट्रेसराउट (संदेश कोणत्या वाटेने जातो ते दाखवणारी आज्ञा) चालवल्यावर राउटरनंतरच्या ओळीत दिसते, आणि तिसरा बाहेरचे दोन वेगवेगळ्या मालकांचे पत्ते, उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. राउटरच उत्तर देत नसेल तर दोष घरात आहे. राउटर देतो पण गेटवे देत नाही, तर तुमच्या दारापासून एक्स्चेंजपर्यंतच्या मार्गात बिघाड आहे. गेटवे देते पण बाहेरचे दोन्ही पत्ते देत नाहीत, तर कंपनीचा पुढचा दुवा पडला आहे. सगळे उत्तर देतात आणि तरी संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा बहुधा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) बिघडलेला असतो, आणि तो बदलणे तुमच्याच हातात असते. काही कंपन्यांची गेटवे मुद्दाम पिंगला उत्तर देत नाहीत; तसे असेल तर ट्रेसराउटमधली त्यापुढची ओळ धरावी.

एखादे पिंग चुकले म्हणजे लाइन पडली असे लिहू नये. सलग तीन चुकली तर बंद धरावे. शेजारच्या रकान्यात वीज गेल्याच्या वेळा लिहाव्यात. हा रकाना बहुतेक जण सोडून देतात, पण लाइनचे अर्धे कोडे त्यातच सुटते. प्रतिसादाचा वेळ अचानक दहापट वाढलेला दिसला, तर सीसीटीव्हीचे चित्रण किंवा मोबाइलचा बॅकअप त्या वेळी वर चढत होता का ते पाहावे, कारण अपलोड भरून गेले की चांगली लाइनही आजारी दिसते.

महिना कोणता निवडला यावर बरेच अवलंबून आहे. फेब्रुवारीतली नोंद जुलैबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. पावसाळ्यापर्यंत थांबणे शक्य नसेल तर त्याच गल्लीतल्या मेडिकलवाल्याला किंवा झेरॉक्सवाल्याला विचारावे, मात्र ‘नेट कसे चालते’ असे विचारू नये. ‘मागच्या पावसात सलग जास्तीत जास्त किती दिवस बंद होते’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘बरे चालते’ एवढेच उत्तर येते, दुसऱ्याला दिवसांचा आकडा येतो. मोबाइलसाठी प्रत्येक कंपनीचे एकेक सिम साध्या फोनमध्ये घालून, ज्या टेबलावर काम होणार तिथेच, गर्दीच्या वेळी तपासावे. कंपन्यांच्या संकेतस्थळांवरचे नकाशे परिसराचा अंदाज देतात. दोन स्लॅब आणि लोखंडी शटर यांच्या आत काय मिळेल, ते नकाशात नसते.

दुसरी लाइन खरोखर दुसरी आहे का

९९ टक्के उपलब्धतेच्या दोन स्वस्त लाइनी घेतल्या, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक होते, म्हणजे महिन्याला पाच मिनिटांहून कमी. एका महागड्या लाइनपेक्षा हा सौदा उघडच बरा आहे. मात्र हे गणित दोन्ही लाइनींचे बिघाड एकमेकांशी संबंध नसलेले असतील तरच खरे ठरते.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारातले व्यवहार दुपारी पावणेबाराच्या सुमारास थांबले आणि पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे दुवे होते. दोन केंद्रांमधल्या रस्त्यावर चाललेल्या खोदकामामुळे दोन्ही कंपन्यांचे दुवे डळमळले, आणि त्यातून माहिती साठवण्याची यंत्रणाही अडकली, असे बाजारानेच नंतर सांगितले. कॅनडात ८ जुलै २०२२ रोजी रॉजर्स या कंपनीच्या मुख्य जाळ्यातल्या एका बदलामुळे एक कोटीहून अधिक ग्राहकांचे मोबाइल आणि घरचे इंटरनेट एकदमच गेले. दोन तंत्रज्ञाने, पण पाठीमागचे केंद्र एकच. पहिल्या घटनेत कंपन्या दोन आणि वाट एक होती, दुसरीत वाटा दोन आणि कंपनी एक होती. तुमची दुसरी लाइन या दोन्ही कसोट्यांना उतरली पाहिजे.

वाट तपासण्यासाठी खिडकीतून बाहेर पडणारी केबल डोळ्यांनी माग काढत खांबापर्यंत आणि तिथून चौकातल्या पेटीपर्यंत चालत जावे. दोन कंपन्यांच्या केबल एकाच खांबावर एकाच वेटोळ्यात दिसल्या, तर ट्रकच्या दृष्टीने ती एकच लाइन आहे. यावर साधा तोडगा असा की एका कंपनीचे फायबर आणि दुसऱ्या कंपनीचे ४जी किंवा ५जी अशी जोडी करावी. पेटी आणि राउटर यांना मिळून जेमतेम वीस वॉट लागतात, तेव्हा दोहोंसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतलाच पाहिजे; भारनियमनाच्या गावात एवढ्या खर्चाने भरवसा जितका वाढतो तितका कंपनी बदलून वाढत नाही.

दोन लाइनी सांभाळणारा राउटर घेताना तो ‘लाइन पडली’ हे कशावरून ओळखतो, ते पाहावे. नुसते पोर्ट जिवंत आहे का एवढेच तपासणारा राउटर फायबरच्या बाबतीत फसतो, कारण बाहेर तंतू तुटला तरी पेटी आणि राउटर यांच्यामधली वायर जिवंतच असते. बाहेरच्या पत्त्याला पिंग करून ठरवण्याची सोय असलेलाच घ्यावा. लाइन बदलली की तुमचा आयपी पत्ताही बदलतो. कोअर बँकिंगचा सर्व्हर ठरावीक पत्त्यांनाच आत घेत असेल, तर दुसऱ्या लाइनचा पत्ताही आधी नोंदवावा लागतो, आणि मोबाइलवर स्वतःचा स्थिर पत्ता सहसा मिळत नसल्याने तिथे व्हीपीएनची (इंटरनेटवरून ठरावीक पत्त्यामार्फत जाणाऱ्या खासगी जोडणीची) तजवीज करून ठेवावी लागते.

सगळे बसवून झाले की जेवणाच्या सुट्टीत खरी चाचणी घ्यावी. राउटरची लॅन वायर न उपसता पेटीच्या मागचा हिरव्या टोकाचा फायबर कनेक्टर हलक्या हाताने काढावा, त्याच्या टोकाकडे डोळा नेऊ नये आणि लगेच टोपी लावावी, कारण धुळीचा एक कणही प्रकाश अडवतो. मग घड्याळ लावून पाहावे : किती सेकंदांत दुसरी लाइन लागते, काउंटरवरचे सॉफ्टवेअर पुन्हा लॉगिन मागते का, प्रिंट आणि एसएमएस जातात का. यूपीआयच्या साउंडबॉक्समध्ये बहुधा स्वतःचे सिम असते, ते कोणत्या कंपनीचे आहे तेही याच वेळी पाहून घ्यावे. तुमची दुसरी लाइन त्याच कंपनीची असेल, तर तो टॉवर पडल्यावर दोन्ही एकदम गप्प होतील. कनेक्टर परत लावल्यावर प्रकाशाचा आकडा आधी होता तितकाच आला का, ते पाहून वहीत टिपावे, आणि ही चाचणी दर तिमाहीला, निदान मेअखेरीस एकदा तरी पुन्हा करावी.